दोन डोळ्यांचा ओढा

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला मंगळवारी.
डाव्याचा तीन आठवड्यांनी.
मधल्या दिवसांत व्हर्लिनला फोटो हवा होता
स्टिलहाउस ओढ्याच्या वरच्या वळणाचा,
जिथे हेमलॉकचा ओंडका पाण्यावर आडवा पडलाय
आणि दगडांवर इतकं शेवाळ, की पाय टेकवताना
कुणाच्या तरी डोक्यावर टेकवल्यासारखं वाटतं.

माझं काम ठरलेलं : काळी छत्री धरायची,
आणि लाल कुठे आहे ते सांगायचं.

कारण व्हर्लिनला लाल दिसत नाही.
म्हणजे दिसतं, पण हिरव्यात विरून जातं,
कॉफीत साखर जावी तसं.
अडुसष्ट साली रेल्वेवाल्यांनी त्याला ठिपक्यांची वही दाखवली.
पानावर आकडा होता म्हणे. त्याला नुसते ठिपके दिसले.
मग तो खाणीत गेला. तिथे कुणी विचारलं नाही,
तिथे सगळ्यांनाच एक रंग.

कॅमेरा आला निवृत्तीनंतर.
ऑगस्टात काठाला लाल लोबेलिया फुलतो,
ऑक्टोबरात मेपलचं एखादं पान दगडाला चिकटतं.
"ओलेटा, कुठे?"
"तुझ्या डाव्या बुटापासून दोन हात. फुटक्या दगडाच्या पाठीवर."
तो तिथे रोखतो. विश्वासानं वगैरे नाही,
सवयीनं,
अंधारात शेवटची पायरी पायाला सापडते तसा.

परवा मी उजवा डोळा मिटला.
ओढा नेहमीचाच होता, चहाचं पाणी.
शेवाळ मोहरीच्या चटणीसारखं.
मग डावा मिटला.

देवा!
फेसात निळं होतं.
दगडाखालच्या सावलीत जांभळं होतं.
शेवाळ असं पोपटी, की दात आंबले.
डावा. उजवा. डावा. उजवा.
छत्री कलली, भिंगावर थेंब पडला,
व्हर्लिन खेकसला.
मी म्हटलं, थांब जरा, मला दोन ओढे दिसतायत.

किती वर्षं मी त्याला पाणी तपकिरी सांगत आले?
ग्रंथालयाच्या भिंतीवर त्याचे फोटो आहेत,
खाली माझ्या अक्षरात :
'सोनेरी सकाळ'. 'मधाळ धबधबा'.
ते सोनं माझ्याच डोळ्यात साचलेलं.
त्याला सांगितलं तसं. तो तिपाईचा स्क्रू पिळत राहिला,
मग म्हणाला,
"म्हणजे रेल्वेवाल्यांनी तुलाही घेतलं नसतं."

आणि तेव्हा ती दिसली.
आमच्या डोंगरात तिला झऱ्याची पाल म्हणतात,
पाल नव्हे ती. बोटाएवढी, ओली,
ओंडक्यावरच्या हिरव्यातून चालली होती
एकेक हात सावकाश पुढे टाकत,
चर्चला उशीर झालाय
पण आता धावून काय उपयोग, अशी.
डाव्या डोळ्याला ती विटकरी होती.
उजव्याला...
उजव्याला मला शब्दच मिळेना.
निखारा म्हणावं, फुंकर घातल्यावरचा,
पण भिजलेला, आणि तरी न विझलेला.

"ओलेटा, कुठे?"
"ओंडक्यावर. मधोमध. थांब, चालतेय."
"कोण चालतंय?"
पण त्यानं बटण दाबलं होतं.
पाणी रेशमासारखं यायला चार सेकंद लागतात.
तेवढ्यात ती तीन पावलं पुढे गेली.

पडद्यावर पाणी दुधाचं. दगड जागच्या जागी.
ओंडक्यावर एक पुसट फराटा,
घाईत गालावरची लिपस्टिक पुसावी तसा.
व्हर्लिननं चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला लावलं.
"काहीतरी हललंय इथे. फुकट गेला."

पुसू नकोस, मी म्हटलं.
आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी
एकदा मला इथे परत आण,
हा जुना डोळा आहे तोवर.

"कशाला?"

"चहाचं पाणी बघायचंय."